स्वस्त सुरीची कुळकथा

लाकूड तासायला आणि कोरायला बेताच्या किमतीची, हातात धरावीशी वाटणारी सुरी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा आहे. दुकानदाराने उत्तर द्यावे, गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत, यापलीकडे त्यात काही असेल असे वाटत नाही. तरीही गेली सव्वाशे वर्षे ह्या प्रश्नाला जी दोन-तीन उत्तरे दिली जात आहेत ती पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. लाकूडकामासाठी ज्या सुऱ्यांची नावे सर्वत्र घेतली जातात, त्यांतल्या बऱ्याच मुळातच स्वस्त आहेत. महाग सुऱ्याही पुष्कळ आहेत, पण त्या बहुधा संग्राहकांच्या काचेच्या कपाटात असतात. ढलप्या पाडणाऱ्याच्या हातात स्वस्तच असते. एखादी वस्तू स्वस्त असूनही उत्तम निघते तेव्हा ती कोणीतरी, कधीतरी, सर्वांसाठी म्हणून घडवलेली असते. ही सुरी 'सर्वांसाठी' कशी झाली आणि कुठे ती सर्वांच्या हातून काढून घेतली गेली, हे पाहण्याचा येथे विचार आहे. खरेदीचा सल्लाही त्यातूनच निघेल.

आधी आपल्या घरात डोकावू. 'सुरी' हा शब्द संस्कृत 'छुरिके'पासून आला आणि 'चाकू' फारसीच्या वाटेने. दोन्ही शब्द मराठीत चांगले रुळले, पण त्यांची कीर्ती काही बरी नाही. सुरी मानेवरून फिरते आणि चाकू हल्ल्यात सापडतो. लाकडाशी ह्या दोघांचे नाते मराठीत जवळजवळ नाहीच. सुताराच्या हत्यारांत वाकस आहे, पटाशी आहे, किकरे, रंधा, करवत, गिरमिट, कानस आहे, सुरी नाही. चांभाराकडे रापी आहे, घरात विळी आहे, शेतात कोयता आणि विळा आहे. प्रत्येक पात्याला आपापला धनी आहे, आणि बहुतेक वेळा त्या धन्याला जातही आहे. कोणाचेही नाही आणि म्हणून सगळ्यांचे आहे, असे खिशात मावणारे, लाकडासाठीचे पाते आपल्याकडे घडले नाही. ह्याला लाकूडही कारण असावे. साग, शिसव, बाभूळ ही आपली इमारती आणि अवजारी लाकडे वाळली की सुरीला दाद देत नाहीत. त्यांना पटाशी लागते आणि पटाशीवर मोगरीचा घाव लागतो. पण केवळ लाकडावर हवाला ठेवणे आम्हाला पटत नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत लाकूड घडवणे हे सुताराचे काम होते. इतरांनी ते करायचे कारण नव्हते आणि सोयही नव्हती.

आता उत्तरेकडे जाऊ. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात सिल्यान नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी मोरा हे गाव आहे. (उरणच्या मोरा बंदराशी त्याचा काही संबंध नाही, नावे अशी कधी कधी योगायोगाने भेटतात.) हा मुलूख गरीब शेतकऱ्यांचा. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडलेले, हिवाळा लांब, शेतीवर भागत नाही. तेव्हा प्रत्येक खेड्याने एकेक जोडधंदा धरला. नुसनेस येथे लाकडी घोडे होऊ लागले, तेच आज स्वीडनचे चिन्ह म्हणून विमानतळांवर विकले जातात. ऑस्टनूर येथे घड्याळे आणि सुऱ्या होत. शेजारच्या ऊर्सा परगण्यात वालुकाश्माच्या खाणी होत्या, तिथून धार लावायचे दगड येत. सुरी एका गावची, निसणा शेजारच्या गावचा आणि तासायचे बर्च तर सगळीकडेच. अशा मुलखात सुरी हे हत्यार कमी आणि शरीराचा एक अवयव जास्त, असे झाले तर नवल नाही.

१८९१ साली फ्रॉस्ट-एरिक एर्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेत चार वर्षे काढून ऑस्टनूरला परतला आणि त्याने कारखाना काढला. तो कारखाना सुऱ्यांचा नव्हता. लाकूड ओढायच्या घसरगाड्यांचा होता. सुऱ्या सोबत होऊ लागल्या आणि पुढे घसरगाड्या गेल्या, सुऱ्या उरल्या. १९१२ साली त्याच गावात दुसरा कारखाना उभा राहिला. दोघे एकमेकांचे शेजारी आणि प्रतिस्पर्धी म्हणून जवळजवळ शतकभर नांदले आणि २००५ मध्ये एकत्र आले. २०१६ पासून त्या कंपनीचे नाव मोराक्नीव असे आहे.

ह्या सुरीची रचना पाहण्यासारखी आहे. आखूड, सरळ पाते. पिंपाच्या आकाराची, मधे फुगीर आणि टोकांना निमुळती बर्चची मूठ. तिच्या जुन्या, सर्वपरिचित नमुन्याला गेरूसारखा तांबडा रंग. कोरीव कामाच्या सुरीचे पाते पुष्कळदा तीन थरांचे असते: मधे कडक, कर्बयुक्त पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. मधला थर धार धरून ठेवतो; तो एकटा असता तर ठिसूळपणामुळे तुटला असता, बाहेरचे थर त्याला सांभाळतात. महागडे पोलाद लागते ते फक्त मधल्या पातळ पट्टीपुरते. म्हणजे काटकसर आणि गुणवत्ता ह्या इथे एकाच युक्तीच्या दोन बाजू आहेत. त्याहून महत्त्वाचा आहे पात्याचा उतार. स्वयंपाकघरातल्या सुरीला धारेशी एक बारीकसा दुसरा उतार असतो. तो कोणत्या कोनात घासायचा हे हाताला अनुभवानेच कळते. मोराच्या सुरीला दोन्ही अंगांनी थेट धारेपर्यंत जाणारा एकच रुंद, सपाट उतार असतो. तो दगडावर पालथा टेकवला की कोन आपोआप साधतो. नवख्या माणसालाच काय, दहा वर्षांच्या मुलालाही तिला धार लावता येते. धार लावता न येणारी सुरी महिन्याभरात निरुपयोगी होते, म्हणून हा उतारच ह्या सुरीच्या स्वस्ताईचा खरा आधार आहे असे आम्ही समजतो. विकत घेताना जे पैसे वाचतात त्याहून जास्त पैसे ती पुढे वाचवते.

दहा वर्षांच्या मुलाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. ह्या सुरीच्या इतिहासात मूल मध्यभागी आहे. १८६६ मध्ये फिनलंडने (तेव्हा ते रशियन साम्राज्याचा भाग होते) आपल्या प्राथमिक शाळांच्या कायद्यात ग्रामीण भागातील मुलग्यांसाठी हस्तकाम सक्तीचे केले. त्यामागे उनो सिग्नेउस हे शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांचा धागा पुढे स्वीडनमध्ये ओटो सालोमन ह्यांनी उचलला. गोथेनबर्गचे व्यापारी ऑगुस्ट अब्राहमसन ह्यांनी १८६८ साली नॅस येथील जहागीर विकत घेतली होती. सालोमन त्यांचे भाचे. १८७२ मध्ये तिथे मुलांसाठी शाळा निघाली आणि पाठोपाठ शिक्षकांसाठी वर्ग. पुढच्या काही दशकांत जगभरचे शिक्षक उन्हाळ्यात नॅसला येऊन लाकूडकाम शिकून गेले. ह्या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ हस्तकौशल्य.

सालोमन ह्यांच्या पद्धतीत पहिले हत्यार सुरी. करवत आणि रंधा नंतर. खेड्यातल्या मुलाच्या हाताला सुरीची ओळख आधीपासून असते, आणि जे ओळखीचे आहे तिथून जे अनोळखी आहे तिकडे जावे, हा त्यांचा शिक्षणाचा साधा नियम होता. इंग्लंडात ह्या निवडीवर टीकाही झाली. कारागिराच्या बाकावर सुरीला मान नसतो, असा सूर होता. पण सालोमन ह्यांना कारागीर घडवायचेच नव्हते. त्यांचा आग्रह असा, की स्लॉइड शिकवणारा कारागीर नसावा, शिक्षक असावा. वस्तू उपयोगाच्या असाव्यात, चैनीच्या नसाव्यात. त्या मुलाने एकट्याने पूर्ण कराव्यात. आणि झालेली वस्तू मुलाची असावी, तिने घरी नेऊन वापरावी. श्रमाविषयी आदर, नीटनेटकेपणा, डोळ्याला आकाराची पारख, ही उद्दिष्टे. कमाईचे उद्दिष्ट त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवले; घरखर्चाला हातभार लावणारे हस्तकाम वेगळे आणि शिक्षणाचे हस्तकाम वेगळे, असा भेद ते करीत. शाळेच्या बाकावर प्रत्येक मुलापुढे सुरी ठेवायची तर ती महाग असून चालत नाही आणि वाईटही असून चालत नाही. शाळाशाळांतून सुऱ्यांना मागणी आली ती अशी.

इथे वर्ध्याची आठवण न होणे शक्य नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने हस्तव्यवसायावर आधारलेल्या शिक्षणाची योजना आखली. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मशरूवाला होते. सुतारकाम ह्या योजनेत होते, पण प्रत्यक्षात मुलाच्या हाती प्रथम आली ती टकळी. निवड समजण्यासारखी आहे. टकळी सुरीपेक्षाही स्वस्त, कापूस वऱ्हाडाच्या अंगणात, आणि सुताला त्या काळी जे राष्ट्रीय तेज होते ते लाकडाला नव्हते. पण दोन योजनांतला खरा फरक अर्थशास्त्राचा होता. गांधीजींची अपेक्षा अशी होती, की मुलांच्या श्रमातून शिक्षकाचे वेतन निघावे; नॅसमध्ये वस्तू मुलाच्या घरी जाई. सूत विकता येते, कारण ते मोजता येते आणि कोणाचेही सूत सारखेच. मुलाने तासलेला चमचा विकता येत नाही, तो त्याच्या आईलाच द्यायचा. ज्या दिवशी सुताचा हिशेब जुळेना त्या दिवशी हस्तकामही बाजूला पडले, आणि पुढे आपल्या शाळांत 'कार्यानुभव' नावाचा तास उरला, ज्यात कागदाची फुले होतात. वर्ध्याचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. ज्या समाजात हत्यारांना जात होती तिथे सगळ्या जातींच्या मुलांच्या हाती एकच साधन देण्याचे धैर्य त्या योजनेत होते. एवढेच वाटते, की त्या साधनात धारेचे एखादे पाते असते तर बरे झाले असते. बंगालमध्ये तशी एक वाट दिसली होती. रवींद्रनाथांच्या शाळेतील लक्ष्मीश्वर सिन्हा स्वीडनला जाऊन स्लॉइड शिकून आले होते. त्या वाटेचा हमरस्ता झाला नाही.

आपल्याकडे सुरी मुलाच्या हाती आलीच नाही. जपानमध्ये ती आली आणि मग काढून घेतली गेली. ती कथा अधिक बोलकी आहे. ह्योगो प्रांतातले मिकी हे गाव हत्यारांसाठी जुने प्रसिद्ध. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक घडीची सुरी निघाली, 'हिगोनोकामी'. नावाचा अर्थ हिगोचा अधिपती; हिगो हा दक्षिणेकडील क्यूशू बेटावरचा जुना प्रांत. नाव भारदस्त आणि वस्तू अगदी साधी: पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात मिटणारे पाते आणि पात्याच्या बुडाशी बाहेर आलेली एक शेपटी, जिच्यावर अंगठा दाबून धरला की पाते मिटत नाही. खटका नाही, कमान नाही. पात्याच्या मधे कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. मोराच्या लोहारांनी जी युक्ती केली तीच इथल्यांनीही केली, आणि दोघांचीही ती आपापल्या परंपरेतून आलेली. जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ह्या सुरीने पेन्सिली तासल्या आणि बांबूची भिरभिरी केली.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा ह्यांचा भाषण करताना भोसकून खून झाला. मारेकरी सतरा वर्षांचा होता. प्रसंग चित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर घडला आणि देशभर दिसला. हत्यार होते एक आखूड तलवार, हिगोनोकामी नव्हे. पण त्यानंतर मुलांच्या हाती पाते नको अशी जी चळवळ देशभर उसळली, तिने तलवार आणि पेन्सिलीची सुरी ह्यांत फरक केला नाही. शाळांतून सुऱ्या गेल्या, दांडा फिरवून पेन्सिल तासणारी यंत्रे आली. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी सबळ कारणाशिवाय बाळगून हिंडणे जपानमध्ये आजही गुन्हा आहे. मिकीमध्ये ह्या सुऱ्या करणाऱ्या कारागिरांचा एकेकाळी संघ होता. आज त्या नोंदणीकृत नावाने सुरी करणारे घराणे एकच उरले आहे. भीती समजते. समाजाने आपल्या मुलाच्या हातून झालेला खून पाहिला होता. तरी ज्यांनी खून केला नव्हता त्या लाखो मुलांच्या बोटांनी काय गमावले, ह्याची मोजदाद कोण करणार? नागानो प्रांतातील इकेदा गावच्या एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकात उलट पाऊल उचलले. तिथे मुलांना हिगोनोकामी दिली जाते आणि ती आपल्या पेन्सिली स्वतः तासतात.

फ्रान्सच्या साव्हॉय भागातली ओपिनेल ह्या कुळातली तिसरी, तिची ओळख थोडक्यात पुरे. १८९० मध्ये हत्यारे घडवणाऱ्या घरातल्या तरुण जोसेफ ओपिनेल ह्याने ती केली. बीचची मूठ, मिटणारे पाते आणि आकारांना क्रमांक. १९५५ मध्ये पाते उघडे राहावे म्हणून मुठीला फिरते कडे बसवले गेले. देखणेपणात तिला तोड नाही. पण ती मूळची शेतकऱ्याची भाकरी-चीज कापण्याची सुरी. पाते पातळ, खिळ्यावर फिरणारे, लाकडाच्या गाठीशी झुंजायला केलेले नाही. खिशात ठेवायची आणि प्रवासात एखादी काठी तासायची तर ती जरूर घ्यावी.

रोज कोरायला बसायचे असेल तर न मिटणारे पातेच घ्यावे. सहा सेंटिमीटरच्या आसपासचे पाते बारीक कामाला आणि आठच्या आसपासचे चमच्या-पळीला. त्याहून लांब पाते हाताला जड होते आणि त्याचे टोक कुठे आहे ह्याचा अंदाज राहत नाही. मुठीला बोटे अडवणारे खाचखळगे किंवा आडवी पट्टी नसावी, कारण कोरताना पकड सतत बदलते: कधी पाते पुढे लोटायचे, कधी अंगठ्याच्या आधाराने आपल्याकडे ओढायचे, कधी छातीशी कोपर टेकवून. स्वीडनचे विल्ले सुंदक्विस्त ह्यांनी ह्या पकडींचे जवळजवळ व्याकरणच तयार केले. १९७८ मध्ये ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन शिकवून आले आणि तिथल्या चमचे कोरणाऱ्यांच्या पिढीला त्यातून बळ मिळाले. त्यांचे शिष्य-प्रशिष्य पाहावेत, बहुतेकांच्या हाती साधी बर्चच्या मुठीची सुरी असते. कागद कापायच्या तुकडे मोडत्या पात्याच्या सुरीने लाकूड कोरण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तो आवरावा. ते पाते लवते आणि लवलेले पाते मोडते.

कर्बयुक्त पोलादाला धार लवकर लागते, पण कोकणातल्या पावसाळ्यात ते एका रात्रीत तांबूस होते. काम झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की पुरते. गंजाचाच कंटाळा असेल त्याने न गंजणारे घ्यावे. फार काही बिघडत नाही.

आणि परदेशी सुरीच हवी असे कुठे आहे? आपल्या गावच्या लोहाराकडे मोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद असते, त्याचे तो कोयते करतो आणि त्यांना पाणी कसे द्यावे हे त्याला चांगले ठाऊक असते. अडचण एकच: त्याचा हात घाव घालणाऱ्या पात्यांवर बसलेला, म्हणून तो धारेमागे जाड उतार ठेवतो. कागदावर आकार काढून द्यावा, पाठीशी जाडी तीन मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगावी आणि उतार धारेपर्यंत सपाट हवा हे दोनदा बजावावे. मूठ आपली आपण करावी. सागाची नको; सागात वाळूसारखा अंश असतो, तो धार खातो, आणि शिकाऱ्याने सागापासून दूर राहिलेले बरे. सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्यांनी पांगारा उगाच निवडला नव्हता. तो हलका आणि मऊ. शिवण त्याहून घट्ट, तरी सुरीला ऐकणारी. काळ्या कुड्याच्या दुधट, गुळगुळीत लाकडावर चन्नपट्टणच्या खेळण्यांचा सारा धंदा उभा राहिला. ह्यांपैकी कोणाचीही ताजी छाटलेली फांदी, ओली असतानाच, हातात घ्यावी. नॅसच्या मालिकेत सुरुवातीला ज्या वस्तू होत्या त्यांत फुलझाडाला आधार द्यायची एक साधी गोल काठी होती. चौकोनी तुकड्याची गोल काठी, फक्त सुरीने, सगळीकडे सारख्या जाडीची. आठवडाभर ती जमत नाही.